वळणाचे मूळ तळाशी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला बिलगून येणारा गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह केप हॅटरसपाशी किनारा सोडतो आणि खोल अटलांटिकमध्ये शिरताच नागमोडी होतो. त्याची वळणे पूर्वेकडे सरकतात, सरकता सरकता फुगतात. एखादे इतके फुगते की तुटून पाण्याचे वेगळे कडेच फिरू लागते. उत्तरेकडे तुटलेले उबदार, दक्षिणेकडचे थंड. हे सारे आता उपग्रह दाखवतात, मग समुद्रतळावर यंत्रे ठेवण्याचा खर्च कशाला, असा प्रश्न सहज पुढे येतो. तो खर्च थांबवणे मला घोडचूक वाटते.

वळण सरकणे वेगळे आणि वाढणे वेगळे. सरकणे वरून दिसते. वाढीचे बळ मात्र उबदार आणि थंड पाण्यामधल्या तिरप्या सीमेत साठलेले असते, आणि ते मोकळे होताना वरचे वळण व तळाजवळचे भोवरे एकमेकांना जोर देतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सिनॉप’ मोहिमेत हेच मोजले गेले. तळावर बसवलेले यंत्र वर ध्वनी सोडते आणि तो पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते टिपते. चार हजार मीटर खोलीवर ही फेरी साधारण सव्वापाच सेकंदांची. वरचा उबदार थर जाड असेल तर ध्वनी लवकर परततो. प्रवाहाच्या अल्याड-पल्याड फरक पडतो तो सेकंदाच्या काही शतांशांचा. एवढ्याशा फरकावरून, आभाळ भरलेले असले तरी, प्रवाह आज कुठे आहे हे कळते. जोडीला तळाशी प्रवाहमापक असले की खालचा भोवरा वळणाच्या किती पुढे आहे तेही समजते, आणि वळण वाढणार की विरणार हे बरेचसे त्यावर ठरते.

उपग्रहांचे मोल मोठेच आहे. पण २०२२ अखेरीस सोडलेला ‘स्वॉट’ समुद्राची उंची कितीही बारकाईने मोजत असला, तरी त्याच मार्गावर तो २१ दिवसांनी परततो. तेवढ्यात वळण तुटूनही जाऊ शकते. खर्चाचा आक्षेप खरा आहे, त्यावर वाटही आहे: न्यू जर्सी ते बर्म्युडा ये-जा करणारे ‘ओलिअँडर’ हे मालवाहू जहाज १९९२पासून जाता-येता प्रवाहाचा वेग मोजते. अर्थात तळाचे काम त्याने भागत नाही. पाण्याखालच्या अशा नोंदी आपल्याकडेही होतात: गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था भारताच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली प्रवाहमापक नांगरून ठेवते. निधीला कात्री लागेल तेव्हा ती अशा नोंदींवर आधी चालवू नये.