दिवसाची वीज

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. १७२४ साली या गावाजवळ निजाम-उल्-मुल्क आणि मुबारीजखान यांच्यात मोठी लढाई झाली. तीत निजामाचा जय झाला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. एवढा मोठा निकाल ज्या भूमीवर लागला, तेथील शेतकऱ्यांना मात्र कोणी काही विचारले नव्हते. तो काळ आता गेला. आज राज्य लोकांचे आहे. म्हणून देशाच्या मोठ्या प्रश्नांचा विचार खेड्याच्या बाजूनेही झाला पाहिजे. विजेचा प्रश्न हा अशांपैकीच एक होय.

रब्बीच्या हंगामात या भागात हरभरा आणि गहू शेतात उभे असतात. त्यांना पाणी द्यावयाचे, तर विहिरीवरचा पंप चालला पाहिजे. महाराष्ट्रात शेतीपंपांना कित्येक वर्षे आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली, की शेतकऱ्याने कडाक्याच्या थंडीत विजेरी घेऊन ओलितासाठी जावे, पायाखाली विंचू-सापाचे भय बाळगावे आणि घरच्यांनी तो परत येईपर्यंत वाट पाहावी! असे का व्हावे? दिवसा शहरे व कारखाने अधिक वीज वापरतात. रात्री मागणी घटते. पण कोळशावर चालणारी वीजकेंद्रे वारंवार बंद-चालू करणे कठीण व खर्चाचे असते. म्हणून रात्री उरणारी वीज शेतीच्या वाट्याला आली. सोय सर्वांची झाली. जागरण मात्र शेतकऱ्याला करावे लागले.

सूर्यापासून मिळणारी वीज ही अडचण दूर करू शकते. ती दिवसाच मिळते आणि ओलितही दिवसाच करणे हिताचे असते. वीज साठवून ठेवणे खर्चाचे काम आहे; परंतु दुपारच्या उन्हावर पंप चालवून पिकाला पाणी दिले, की काहीच साठवावे लागत नाही.

भारताने २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. दगडी कोळसा व तेल यांवाचून वीज निर्माण करण्याची क्षमता २०३० पर्यंत ५ लाख मेगावॉटवर न्यावयाची, असे ध्येय देशाने २०२१ मध्ये जगापुढे जाहीर केले. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापाशी लहान सौर प्रकल्प उभारावा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला द्यावी, ही या योजनेतील मुख्य कल्पना आहे. या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. तो अवघ्या ३ मेगावॉटचा आहे.

मोठे प्रकल्पही देशाला हवेतच. परंतु माझ्या मते असे लहान प्रकल्प गावोगावी होणे अधिक अगत्याचे आहे. वीज दूरवरून आणताना तिचा काही भाग तारांतच वाया जातो. जवळच्या विजेचा तसा नाश कमी होतो. शिवाय पडीक जमिनीला भाडे मिळते आणि विजेचे उत्पादन आपल्या डोळ्यांसमोर होत असल्यामुळे गावाला त्याविषयी आपलेपणा वाटतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. सूर्य मावळल्यावर काय करावे, असे विचारले जाते. हा प्रश्न खरा आहे. पण त्याला उत्तरही आहे. कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्रातील यंत्रे थोड्याच मिनिटांत सुरू करता येतात. ती सायंकाळी कामी येतात. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, तेव्हा साताऱ्याच्या पठारांवर वारा जोराने वाहत असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी सर्व साधनांची जुळणी करणे हेच शहाणपणाचे धोरण होय. कोळशाचा वापर एका दिवसात थांबणार नाही. तो क्रमाक्रमाने कमी करता येईल.

दुसरा आक्षेप जमिनीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. एका मेगावॉटसाठी साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते. ही जागा गायरानातून घेतली, तर गुरे चरावयाची कोठे? ज्याच्याजवळ शेत नाही, पण दोन शेळ्या आहेत, त्याने जावे कोठे? म्हणून जागा ठरवण्यापूर्वी ग्रामसभेत मोकळी चर्चा झाली पाहिजे आणि गरिबाचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. चांगले कामही अन्यायाने केले, तर त्याचा चांगुलपणा उरत नाही.

देशाची प्रगती किती झाली, हे मेगावॉटच्या आकड्यांवरून मोजतात. ते योग्यच आहे. पण त्यासोबत आणखी एक माप लावले पाहिजे. साखरखेर्ड्याच्या शिवारातील शेतकरी दिवसाउजेडी ओलित करून, रात्री आपल्या मुलाबाळांत निर्धास्त झोपू शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे गावोगावी मिळेल, तेव्हाच विजेचे धोरण सफल झाले असे म्हणता येईल.