गुरगुरणं बंद करून मिळेल!

गेल्या दिवाळीत आमचा बंड्या माझ्या भाच्याला चावला. नातेवाईकांत ही बातमी फराळाच्या आधी पोचली, त्यामुळे ती इथे नव्याने सांगायची खरं तर गरज नाही. पण त्यानंतर फोनवर जी मुक्ताफळं ऐकली, त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलंय. ते आज देते.

"कुत्र्याचं वागणं सुधारायला तज्ज्ञ? पैसे फार झालेत का गं?" हे एक. "आमच्या वाड्यात दोन-दोन कुत्री होती, कधी ट्रेनर लागला नाही" हे दुसरं. काका, वाड्यातली कुत्री गावभर हिंडायची. पोरांचा त्रास झाला की उठून जायची. बंड्याला आमच्या टू बीएचकेत उठून जायला गॅलरीपलीकडे जागा नाही. आणि वाड्यातली कुत्री कुणाकुणाला चावली, याचा हिशोब तेव्हा ठेवत कोण होतं?

पण तुमच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो. मी मदत घेतली नाही असं नाही. घेतली, पण चुकीच्या माणसाची.

झालं असं, की पावसाळ्यात बंड्या डोक्याला हात लावला की गुरगुरायला लागला. कुणाच्या तरी ओळखीने एक ट्रेनर आला. त्याने पाच मिनिटांत निदान केलं, "मॅडम, हा स्वतःला अल्फा समजतो. बॉस कोण ते दाखवावं लागेल." गळ्यात चोक चेन. गुरगुरला की हिसका. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद, गॅरंटी! आणि खरंच बंद झालं हो. मी कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "बास, लांब हो" असतं. आम्ही त्याचं दुखणं तसंच ठेवलं आणि बोलणं तेवढं बंद केलं. दिवाळीत भाच्याने लाडाने त्याच्या गळ्यात हात टाकले. गुरगुर नाही, काही नाही. सरळ हातावर दात. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुताना आणि नंतर इंजेक्शनसाठी रांगेत उभी असताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, 'अगदी अचानक चावला.' अचानक कुठला? तो तीन महिने सांगत होता.

मग व्हेटकडे गेलो. उजव्या कानात खोलवर जुना संसर्ग निघाला. आधी तिथेच जायला हवं होतं. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर पहिली शंका दुखण्याची घ्यायची, स्वभावाची नाही.

आता त्या 'अल्फा'बद्दल. १९४७ साली शेंकेल या संशोधकाने बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं, त्यातून ही कल्पना आली. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे याच मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाबा आणि पिल्लं. कसला बॉस! आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. ज्याने सिद्धांत पसरवला तोच मागे घेतो, आणि आमच्या सोसायटीत तो अजून पॅकेज लावून विकला जातो!

आपल्याकडे कुणीही स्वतःला डॉग ट्रेनर म्हणवू शकतो. तेव्हा परीक्षा आपणच घ्यायची. कुत्रा चुकला तर काय करता? बरोबर वागला तर काय करता? शिकवताना मी समोर थांबू का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं किंवा तिसऱ्याला नकार आला, तर चहा पाजून निरोप द्या. गॅरंटी दिली तर चहाही नको.

नंतर ज्या बाई आल्या, त्यांनी पहिला दीड तास बंड्याला हातही लावला नाही. नुसते प्रश्न. कधी, कुठे, कोण होतं, आधी काय झालं. मग कानावर उपचार चालू असताना हात जवळ आला की चिकनचा तुकडा, आधी लांबून, मग जरा जवळून. त्याला उठून जायला एक कोपरा. आणि पोरं घरी आली की दारात जाळी.

चमत्कार झालेला नाही. बंड्याला मिठी अजून आवडत नाही, बहुधा आवडणारही नाही. पण परवा भाचा जरा जास्तच जवळ सरकला, तेव्हा तो हळूच गुरगुरला. भाचा स्वतःहून मागे झाला आणि म्हणाला, "मावशी, तो नको म्हणतोय."

आठ वर्षांच्या पोराला कळलं. काका, आता तुमची पाळी. :-)