मानधन आणि माया

मानधन वाढविल्याने अंगणवाडीतील संगोपन सुधारेल काय, असा प्रश्न रेवदंडा-कोर्लईच्या किनाऱ्यावर आम्हांस विचारला जातो. माया विकत मिळत नाही, हे खरे. परंतु घर चालेना म्हणून ताई काम सोडते, तेव्हा मासळीची पाटी घेऊन बाजारास गेलेल्या आईच्या बालकाचा ओळखीचा हात सुटतो. १९७५ पासूनच्या या कामाच्या मोबदल्यास शासन वेतन म्हणत नाही; ग्रॅच्युइटीचा हक्कही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये सेविका संपावर गेल्या, तेव्हा अनेकांस त्यांच्या सेवाभावाची आठवण झाली! सेवाभाव म्हणजे उपासमारीचा करार नव्हे. आधी न्याय्य वेतन द्यावे. मग प्रशिक्षण आणि कामातील चोखपणा हक्काने मागावा.