सुशी आपल्या घरची

शिकायला पुण्या-मुंबईस गेलेली मुले सुटीत आली की सुशीचे नाव काढतात. लोणारात ती कुठे मिळणार? आपल्या सरोवराचे पाणी तर खारट!

वाचक बंधू-भगिनींनो, सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज आधी सोडा. सुशी म्हणजे आंबट भात. तिचे मूळ गरजेत आहे. मासा टिकावा म्हणून लोक तो मीठ लावून भातात मुरवत. जपानात बिवा सरोवराकाठी आजही तसा मुरवतात.

मात्र धरणातला रोहू, कटला कच्चा कधीही खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून जंत पोटात जातात. खडकपूर्णा धरणाचा मासा आणला, तर आधी पूर्ण शिजवून काटे काढावेत.

१ वाटी जाड्या तांदळाचा भात मऊ शिजवा. त्यात २ चमचे व्हिनेगर, १ चमचा साखर व चवीपुरते मीठ कालवा. गार झाल्यावर काकडी, गाजर व शिजलेला मासा घालून अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळा. जपानी घरांतही अशी सुशी करतात.

मुलांची हौस भागेल आणि हॉटेलचे पैसे वह्या-पुस्तकांना उरतील.