इंजिन ‘बेताल’ नसतं, राव!

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. आय.सी. इंजिन्सची ओरल चालू होती. टेस्ट रिगवरचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन त्या दिवशी धड चालत नव्हतं. एक्स्टर्नल सरांनी इंग्रजीत विचारलं, “आवाज कसा वाटतोय?” आमच्या बॅचमध्ये एक जण आहे, ज्याच्या घरी विहिरीवर डिझेल इंजिन आहे. पाइपात हवा शिरलीय, हे त्याने नुसतं ऐकून ओळखलं होतं. पण सांगायचं इंग्रजीत! तो म्हणाला, “सर, इंजिन इज... डान्सिंग.” सगळे हसले. मीही हसलो. पुढच्याने ऐटीत सांगितलं, “सर, इट इज अरिदमिक.” सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. कारण कुणी विचारलंच नाही. ज्याला रोग कळला होता तो उरलेला वेळ खाली मान घालून बसला, आणि ज्याला नुसता शब्द माहीत होता तो सुटला.

त्या रात्री मेसमध्ये यावर बराच वाद झाला. माझं मत असं, की त्या दिवशी दोघांचंही इंग्रजी चुकलं, फक्त एकाचं चुकलेलं दिसलं नाही.

‘अरिदमिक’ हा शब्द खोटा नाही. मूळ ग्रीक, अर्थ ‘लय नसलेला’. पण बोलताना तो मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांना किंवा संगीताला लागतो. बिघडलेल्या इंजिनाला साधा इंग्रज मेकॅनिक ‘रफ’ किंवा ‘अनईव्हन’ म्हणेल. हॉस्टेलच्या माळ्यावर सीनियर्सनी सोडून दिलेली जी.आर.ई.ची जाडजूड पुस्तकं पडलेली असतात, ती उघडून पाहा. शब्द, त्यापुढे अर्थ, की लगेच पुढचा शब्द. 2011 पर्यंत त्या परीक्षेत नुसते विरुद्धार्थी शब्द विचारत, त्यामुळे तेव्हा ही घोकंपट्टी थोडी तरी कामाची होती. आता तो प्रश्नच उरलेला नाही, घोकंपट्टी मात्र राहिली.

मित्रहो, शब्द एकटा राहत नाही, त्याला रूम पार्टनर लागतो. आपल्याच मराठीत बघा ना. ‘बेताल’ म्हणजे ताल सोडून. पण पेपरात ‘पुढाऱ्याचं बेताल वक्तव्य’ छापून येतं तेव्हा त्याचा तबल्याशी काही संबंध असतो का? तिथे अर्थ ‘बेजबाबदार’. त्याचं भाषांतर ‘अरिदमिक स्टेटमेंट’ केलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की पुढाऱ्याला कार्डिओलॉजिस्टकडे न्यायला हवं!

मग करायचं काय? आधी स्वतःला मराठीत विचारायचं, की नक्की काय बिघडलंय? मराठीत आपण यात चुकत नाही. पाऊस ‘लहरी’ असतो, झोप ‘तुटक’ लागते, वायफाय ‘ये-जा’ करतं, एस.टी. ‘गचके’ देते. या चार गोष्टींना एकच शब्द आपण कधी लावत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. लहरी पाऊस म्हणजे ‘इरॅटिक रेनफॉल’. हा शब्द ‘भटकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. हिमनदीने वाहून आणून भलत्याच जागी टाकलेल्या दगडालाही भूशास्त्रात ‘इरॅटिक’ म्हणतात, सिव्हिलवाल्यांनी लक्षात ठेवावं. तुटक झोप म्हणजे ‘फिटफुल स्लीप’. थोडा वेळ चालून बंद पडणारं आणि पुन्हा सुरू होणारं ते ‘इंटरमिटंट’. लूज कनेक्शनच्या फॉल्टला इलेक्ट्रिकलवाले हेच म्हणतात. गचके देणारी गाडी ‘जर्की’. मग रोजची वाक्यं आपोआप होतात: “आय हॅड अ फिटफुल स्लीप बिफोर द पेपर.” “द बस राइड वॉज जर्की.” यात काही जड आहे का?

आणि हा नुसता भाषेचा शौक नाही, आपल्या धंद्याचा प्रश्न आहे. गव्हर्नरमुळे इंजिनाचा वेग ठरावीक अंतराने वर-खाली होत राहतो, त्याला ‘हंटिंग’ म्हणतात. तिथे ‘इरॅटिक’ म्हणालात तर रिपोर्ट चुकला, कारण त्या वर-खाली होण्याला लय आहे. ‘मिसफायर’ म्हणजे एखाद्या वेळी जाळच होत नाही, ते आणखी वेगळं. शब्द बदलला की वाचणारा माणूस इंजिनाचा वेगळाच भाग उघडून बसतो. डॉक्टर तर नाडीच्या बाबतीत आणखी काटेकोर असतात. ठोके चुकतात पण ठरावीक क्रमाने चुकतात, तर ‘रेग्युलरली इर्रेग्युलर’. चुकण्यालाही क्रम नसेल, तर ‘इर्रेग्युलरली इर्रेग्युलर’. किती साधे शब्द, आणि निदानाला किती उपयोगी!

काही जण म्हणतील, “एवढं कशाला? इंटरव्ह्यूत भारी शब्द टाकला की इम्प्रेशन पडतं.” पडतही असेल. पण दुसरा प्रश्न आला की उघडं पडायला होतं, त्याचं काय?

सरांना आणि मॅडमना एक विनंती. ओरल इंग्रजीतच घ्या, आम्हाला ते शिकायचंच आहे. पण एखादा अडखळला तर अर्धं मिनिट थांबा, “मराठीत सांग” म्हणा, आणि मग त्याला हवा तो इंग्रजी शब्द हातात द्या. तो शब्द तो जन्मभर विसरणार नाही. आणि मित्रहो, कुणी अडखळला तर हसू नका. हे मी स्वतःलाही सांगतोय.

आमचा तो मित्र आता रोज जेवताना दोन वाक्यं इंग्रजीत बोलतो. परवा मेसचा मिक्सर अडखळायला लागला, तर म्हणाला, “इट इज रनिंग अनईव्हनली. चेक द कनेक्शन.” मेसच्या काकांनी पिन नीट बसवली आणि मिक्सर सुरळीत चालू झाला. या वेळी कुणी हसलं नाही. चटणी मात्र वेळेवर मिळाली.

— टी.ई. मेकॅनिकल