जिद्द हवीच, पण हिशेबही हवा

आपल्याकडे एखाद्या मुलीने क्रीडाक्षेत्रात पराक्रम केला की ‘जिद्द’ हा शब्द हमखास छापून येतो. या शब्दाच्या आड तिची बुद्धी मात्र झाकली जाते.

१६ जून २०२४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये एगल ते व्हिलार अशी महिला सायकलपटूंची चढाची टाइम ट्रायल झाली. अंतर १५.७ किलोमीटर. आरंभी ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील सपाटी, मग वर व्हिलारपर्यंत घाट. पुरुषांनाही हाच मार्ग होता. स्त्रियांसाठी म्हणून अंतर कमी केलेले नव्हते. या प्रकारात प्रत्येकजण एकटी सुटते. दुसरीच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही, झुंज घड्याळाशी. नेदरलँड्सच्या डेमी वोलरिंगने ही शर्यत जिंकली.

अशा मार्गावर शक्ती कोठे खर्चावी, हा खरा प्रश्न असतो. सपाटीवर मुख्य शत्रू वारा. तेथे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर जवळजवळ एकतृतीयांश जास्त जोर लागतो. घाटात वेग मंदावतो, वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि लढाई गुरुत्वाकर्षणाशी उरते. तेथे दहा टक्के जादा जोराचे फळ जवळजवळ तेवढ्याच वेगाने पदरात पडते. म्हणून खोऱ्यात हात राखून जायचे आणि राखलेले बळ खड्या चढावर ओतायचे. ऐकायला सोपे आहे. परंतु सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत पाय ताजे असतात, श्वास अजून चढलेला नसतो आणि शरीर बेलाशक खोटी ग्वाही देते. त्या मोहात उधळलेली शक्ती पुढे घाटात व्याजासह वसूल होते. पॉवर मीटर जोराचा आकडा दाखवतो, पण त्या आकड्याचे ऐकण्याचा संयम सरावानेच अंगी येतो.

हा संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. भूमी ओळखून बळ वापरण्याचे शास्त्र सह्याद्रीच्या लेकरांना नव्याने सांगायला हवे काय? शिवछत्रपतींचे सारे युद्धतंत्रच त्यावर उभे होते.

तरीही आमच्या मैदानांवर मुलींना अजून ‘जोर लाव’ एवढेच सांगितले जाते. स्त्रीच्या सहनशीलतेचे गोडवे गाणारा समाज तिच्या हाती मोजमापाचे साधन देताना मात्र हात आखडतो. मुलाला महागडी सायकल आणि मुलीला शाबासकी, हे चित्र सुशिक्षित, संस्कारी म्हणवणाऱ्या घरांतही दिसते. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या आपण सर्वांनी याचे उत्तर द्यायला हवे.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी घरांत परिचित आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट आपल्या दाराशी आहे. तेथे केवळ मुलींसाठी, एकेकीला सोडणारी टाइम ट्रायल दरवर्षी का होऊ नये? वाहतूक पहाटे दोन तास थांबवणे, घड्याळे लावणे, दर किलोमीटरला वेळ टिपणारे स्वयंसेवक उभे करणे, ही कामे आपले कार्यकर्ते सहज पार पाडतील. प्रत्येक मुलीला शेवटी तिच्या वेळांचा कागद द्यावा. आपण कोठे घाई केली आणि कोठे कमी पडलो, हे तिचे तीच त्यात वाचील.