गेम खेळणारं पोर बिघडलेलं नसतं!

पोराचं काही बिनसलं की हल्ली आरोपी आधीच ठरलेला असतो. मार्क कमी पडले, मोबाईल. डोकं दुखतंय, मोबाईल. चष्मा लागला, मोबाईल. चिडतो, जेवत नाही, सकाळी उठत नाही, मोबाईल आणि त्यातले गेम. दवाखान्यात नातवाला घेऊन येणाऱ्या आजींचं वाक्यही ठरलेलं असतं : "डॉक्टर सायेब, पोरगं मोबाईलच सोडीना झालंय, काही औषध असंल तर द्या."

असं औषध नाही. आणि बहुतेक पोरांना त्याची गरजही नाही. माझं आजचं म्हणणं अनेक पालकांना आणि काही शिक्षकांना रुचणार नाही, तरी स्पष्ट लिहितो. गेम हा आजार नाही. गेमच्या नावाने आपण इतका आरडाओरडा करतो, की खरं नुकसान करणाऱ्या गोष्टींकडे लक्षच जात नाही. "किती वेळ खेळतो?" हा एकच प्रश्न विचारून उपयोग नाही. खेळण्यापायी काय हरवतंय ते विचारा. झोप, ऊन, पैसा आणि माणसं, या चार गोष्टी तपासा. चारही शाबूत असतील, तर पोराला खेळू द्या आणि तुम्हीही शांत झोपा.

'व्यसन' हा शब्द इतका स्वस्त नाही

"याला गेमचं व्यसन लागलंय" हे वाक्य आपण पोरासमोर, पाहुण्यांसमोर सहज बोलतो. गेमिंगचा विकार खरोखर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत तो आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. तिथे तीन खुणा दिल्या आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं. जेवण, शाळा, मित्र, आवडीनिवडी या सगळ्यांच्या वर गेमला स्थान मिळणं. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळ चालूच राहणं, वाढणं. यामुळे घरात, शाळेत किंवा कामात ठळक बिघाड झालेला असावा आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं, असंही त्यात आहे.

आता दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर गेमला चिकटलेल्या पोराला ही व्याख्या लावून पाहा. बसत नाही. ज्याला खरा विकार आहे त्याला उपचार हवेत, आणि ज्याला नाही त्याला 'व्यसनी' म्हणणं थांबायला हवं. रोज तेच ऐकणारं पोर पुढे स्वतःबद्दल तसंच समजू लागतं.

गेमवरचे आरोप आणि पुरावा

"मारामारीचे गेम खेळून पोरं गुन्हेगार होतात." हा आरोप फार जुना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध अभ्यासांवर आपली भूमिका पुन्हा मांडली. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्याचा थोडासा संबंध दिसतो, पण गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेक पालकांना वाटलं की सुटलो. त्या बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी हे होतं, मुलांचं आरोग्य नव्हे. पुढच्याच वर्षी तोच खेळ नव्या नावाने परत आला.

दुसरी बाजूही ऐका. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका व्हिडिओ गेमला उपचाराचं साधन म्हणून परवानगी दिली. तेव्हा ती परवानगी ८ ते १२ वर्षांच्या, चित्त एकाग्र न होणाऱ्या काही मुलांना तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्यासाठी होती. म्हणून उद्यापासून पोराला गेमचा डोस सुरू करा, असं मी म्हणत नाही. चाकूने भाजी चिरतात आणि बोटही कापतं. दोष द्यायचा तर आधी चाकू कुणाच्या हातात, कशासाठी, हे पाहायला हवं.

भीतीचा बाजार

मोबाईलला घाबरलेला माणूस हे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली एक चिप दाखवली आणि ती मोबाईलला लावली की रेडिएशन कमी होतं असं सांगितलं. शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीरपणे पुरावा मागितला. तसल्या चकत्या आणि स्टिकर आजही विकले जातात. फोनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी पेशीतला डीएनए तोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात. एक्स-रे वेगळा, मोबाईल वेगळा. आपल्या देशात फोनसाठी प्रति किलो १.६ वॅट ही मर्यादा आहे आणि तुमच्या फोनचा आकडा *#०७# दाबून बहुतेक फोनवर पाहता येतो. २०११ मध्ये या लहरींना 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा गटात ठेवलं होतं, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

दुसरा माल म्हणजे निळा प्रकाश अडवणारा चष्मा. नंबर नसलेल्या पोरालाही तो घेऊन दिला जातो. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. त्यावर उपाय फुकट आहे : दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, दारातल्या झाडाकडे बघा.

पोरांना दटावणारे मोठेही या बाजारात मागे नाहीत. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारं घड्याळ मनगटावर बांधून काही रुग्ण येतात. कृपया त्या आकड्यावर गोळी किंवा इन्शुलिन कमी-जास्त करू नका. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर इन्शुलिन घेतलं, तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. गेम खेळणाऱ्या नातवापेक्षा हे घड्याळ बांधणारे आजोबा मला जास्त काळजीत टाकतात.

आता खरे चार प्रश्न

पहिला, झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री एकपर्यंत अंथरुणात गेम आणि सकाळी सातला शाळा, यात ती बसत नाही. मग चिडचिड, डोकेदुखी, वर्गात पेंग आणि घसरलेले मार्क. पालक म्हणतात गेमने डोकं बिघडवलं. प्रत्यक्षात पोराची झोप मोडलेली असते. हाच गेम संध्याकाळी सहा ते सात खेळला असता तर यातलं काही झालं नसतं.

दुसरा, ऊन. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालं होतं, बाकीच्या शाळांमध्ये सुमारे ४० टक्के मुलांना. शहरातल्या पोरांना यासाठी क्रीडासंकुल शोधावं लागतं. धर्मापुरीत मैदान आहे, रान आहे, किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. तरीही पोर दिवसभर घरातच असेल, तर मोबाईल हिसकावण्याआधी त्याला बाहेर कोण घेऊन जातं, ते सांगा.

तिसरा, पैसा. इथे मात्र मी कठोर आहे. रमी, पत्ते, पैसे लावून टीम बनवण्याचे खेळ यांना 'गेम' म्हणणं हीच फसवणूक आहे. तो जुगार आहे. कधी मिळेल, किती मिळेल हे माहीत नसताना अधूनमधून मिळणारं बक्षीस मेंदूला सगळ्यात घट्ट धरून ठेवतं. थोडं जिंकवायचं, मग हरवायचं, मग "आता फिरेल" या आशेवर पुन्हा खेळवायचं. पोरांच्या साध्या गेममध्येही आता पैसे देऊन उघडायच्या 'नशिबाच्या पेट्या' असतात. बेल्जियमने २०१८ मध्येच त्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे जो यात बुडाला तो गुन्हेगार नाही, त्याने लपून राहू नये. पण कायद्यावर विसंबून बसू नका. चोरवाटा असतातच. सोयाबीनची पट्टी किंवा मुकादमाची उचल मोबाईलवर उडवून बसलेल्या तरुणाला झोप न येणं, छातीत धडधडणं, जीव नकोसा वाटणं, हे आजारच आहेत. आणि हा तरुण बहुतेक वेळा घरचा 'शहाणा' मुलगा असतो. सगळे ओरडत असतात ते त्याच्या कार रेसिंग खेळणाऱ्या धाकट्या भावावर.

चौथा, माणसं. बीड जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत आईचा चेहरा दिसतो तो मोबाईलवरच. अशा पोराला "मोबाईल विष आहे" म्हणणारे तज्ज्ञ शहरातून व्याख्यानाला येतात, तेव्हा मला राग येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांत दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच म्हटलं आहे, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल हा त्यातही अपवाद आहे. दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी, असंही त्या सांगतात. लहान वयात हे तास जरूर पाळा. पण आईबाप दूर असलेलं दहा-बारा वर्षांचं पोर गेममध्ये रमत असेल, तर आधी त्याचं एकटेपण बघा. त्याच्याशी बोलणारं, त्याच्यासोबत खेळणारं कुणी आहे का? आजीने "काय खेळतोस, मला दाखव" म्हणून शेजारी बसणं हे दहा धपाट्यांपेक्षा उपयोगी आहे.

"डॉक्टर, तुम्हाला बोलायला काय जातं?"

हा प्रश्न येणार, आणि रास्त आहे. दिवसभर रानात राबून आलेल्या आईला पोराशेजारी बसून गेम बघायला वेळ कुठून? म्हणून थोडकंच सांगतो, आणि यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

* रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन एका जागी, अंथरुणापासून लांब. सगळे म्हणजे बापाचाही.
* रोज तासभर पोर उघड्यावर. खो-खो, क्रिकेट, शेळ्या राखणं, काहीही चालेल.
* पैसे पाठवायचं ॲप आणि त्याचा पिन पोराच्या हाती नको. पैसे लावायचा कुठलाही खेळ कुणाच्याच फोनवर नको.
* फोन एकदम हिसकावू नका. "हा डाव संपला की ठेव" असं आधी सांगा आणि शब्द पाळा.

शाळा सुटली, आंघोळ-जेवण सुटलं, फोन काढून घेतला की पोर अंगावर धावून येतं, चोरी किंवा कर्ज झालं, मरणाची भाषा येऊ लागली, तर मात्र वाट पाहू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा.

बाकी पोरांना खेळू द्या. आपणही विटी-दांडूपायी आईच्या हाका ऐकू येत नसल्याचं सोंग केलेलं आहेच. पुढच्या वेळी पोराला दवाखान्यात घेऊन याल, तेव्हा तो किती वाजता झोपतो, उन्हात किती वेळ असतो आणि त्याच्याशी कोण बोलतं, एवढं सांगायच्या तयारीने या. पुढचं आपण मिळून बघू.